काजळीचा ढग

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमच्या घरात पाण्यानं भरता येईल असं एकही भांडं मी रिकामं ठेवलं नव्हतं. बादल्या झाल्या, घागरी झाल्या, मग कुकर, मग लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला डिनर सेट. नवरा म्हणाला, आता चमचे भरून ठेव. मी खरंच डावांकडं बघत होते तेवढ्यात फोन वाजला.

नायगावजवळच्या आमच्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई बोलत होत्या. तरुण आवाज, जरा दमलेला.

"मॅडम, तुम्ही आमच्या शाळेतल्या जुन्या ड्रॉइंग मास्तरांच्या पुतणी ना? एक विचारायचं होतं. आमच्या व्हरांड्याच्या भिंतीत काय हाय?"

"भिंतीत?"

"चुना मारला की उन्हाळ्यात काळं वर येऊन राहिलंय. छत बघितलं, गळती न्हाई. गळायला पाऊस तरी कुठाय. गावात म्हणतात, भिंत काळी झाली की त्या साली पाऊस न्हाई. पोरं त्या बाजूला डबा खायला बसत न्हाईत. आता सगळं प्लास्टर खरवडून काढा म्हणून लोक मागं लागलेत. एक म्हातारे म्हणाले, आधी मास्तरच्या घरच्यांना विचारा."

मी फोनवर गप्प झाले. आमच्या घरात मी गप्प होणं ही बातमी असते. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला.

भिंतीत काय आहे ते मला ठाऊक होतं. लहानपणच्या दुष्काळात ती भिंत काळी झाली, आणि ज्या दिवशी पांढरी झाली त्या दिवशी चुन्याची बादली माझ्या हातात होती.

त्या दुष्काळाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आमच्या गावापासून कोसभरावर पाझर तलावाचं काम निघालं होतं, आणि वारा तिकडून असला की दिवसभर खडी फोडल्याचा आवाज यायचा. टक टक टक. शेकडो हातोड्या, एकीचा मेळ दुसरीला नाही. पाखरांचा आवाज मात्र केव्हा बंद झाला ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. वर घारी होत्या, त्या बोलत नाहीत. टँकरच्या पाण्याला लोखंडाचा वास यायचा, आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीला पोत्याचा. आई भाकरी थापताना म्हणायची, ही भाकर इंग्रजी बोलते, तव्यावर ऐकत न्हाई.

त्याच अमेरिकेतून शाळेला पुस्तकांचं एक खोकं आलं होतं. कुणी पाठवलं, कशाला, कोण जाणे. इंग्रजी वाचणारं गावात कुणी नव्हतं, तेव्हा हेडमास्तरांनी ते खोकं ड्रॉइंग मास्तरच्या गळ्यात घातलं. ड्रॉइंग मास्तर म्हणजे आमचे तात्या, माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. बाबा मुदखेडला रेल्वेत गँगमन, पंधरा दिवसांनी घरी येणार आणि आले तरी न बोलणार. त्यामुळं घरात बोलण्याचं खातं तात्यांकडं, माझ्याकडं आणि आत्याकडं.

आत्या म्हणजे या दोघांची मोठी बहीण, त्यांची अक्का. सासर सोडून आलेली. का, ते कुणी विचारायचं नाही. आजोबा गेले तेव्हा तात्या पाळण्यात होते आणि आजी त्यानंतर वर्षभरातच गेली. आत्यानं त्यांना कडेवर घेऊन दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण केलं, शाळेत घातलं, मास्तर केलं. आजोबांचा फोटो नव्हता. त्या काळी आमच्या वस्तीत फोटो काढायला कोण येणार? तात्यांना बाप कसा दिसायचा ते माहीत नव्हतं, आणि आत्या ती गोष्ट काढायची नाही.

तर त्या खोक्यात एक जाडजूड पुस्तक होतं, एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन चित्रकाराचं. त्याचं नाव तात्या तीन तऱ्हांनी उच्चारायचे आणि तिन्ही चूक असाव्यात, म्हणून इथं लिहीत नाही. त्यात एक रंगीत पान होतं. समुद्राची खाडी. पाणी काळं, आकाश त्याहून काळं. काठावरचं गवत मात्र विचित्र उजळ, जसं आपल्याकडं वळवाच्या आधी क्षणभर होतं. एक छोटं शीड. आणि काठावर एक माणूस बसलेला, पाठमोरा, शेजारी कुत्रं. वादळ समोरून येतंय आणि हा बसलाय. मला ते पान बघायला भीती वाटायची आणि मी ते रोज बघायची.

तात्या डिक्शनरी घेऊन दुपारी कडुनिंबाखाली बसायचे आणि एकेक ओळ मराठीत लावायचे. त्या चित्रकाराच्या काळात पेपरात चित्रांवर लिहिणारे लोक होते, आणि त्यांनी या चित्राची पार सालटी काढली होती. एकाला ते पाणी डांबर वाटलं होतं. एकाला आकाश पाहून पोटात ढवळलं होतं. आणि एकानं त्या बसलेल्या माणसाला लाकडाचा ठोकळा म्हटलं होतं. वादळ येत असताना असं कोण बसून राहील?

"तात्या, समीक्षक म्हणजे काय?" मी विचारलं.

"जो स्वतः चित्र काढत न्हाई आन् दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलतो, तो."

बाजाराच्या दिवशी तलावाचं काम बंद असल्यानं, तिथंच राहून खडी फोडणारी आत्या घरी आलेली होती. पायाच्या भेगांत तेल चोळत ती म्हणाली, "म्हंजी आपली बारकी."

बारकी म्हणजे मी. आता मला त्या नावानं हाक मारायला लोक कचरतात, पण तेव्हा मी खरंच बारकी होते.

तात्या हसले नाहीत. पानावरच्या माणसावर बोट ठेवून म्हणाले, "पाण्याला डांबर म्हटलं, म्हणू दे. ह्याला ठोकळा म्हणायला नको होतं. न पळणारी माणसं त्यांनी बघितलीच न्हाईत."

तलावाचं काम बघायला कुणी मोठे साहेब येणार, शाळेतही डोकावणार, अशी आवई उठली आणि हेडमास्तरांनी व्हरांड्याची भिंत तात्यांच्या हवाली केली. काहीतरी उत्साहाचं काढा म्हणाले. तात्यांनी ते चित्र काढायला घेतलं. फक्त खाडीच्या जागी आमचा तलाव, जो अजून खोदला जात होता, पण चित्रात काठोकाठ भरलेला. गवताच्या जागी हायब्रीड ज्वारीचं शेत. शिडाला काही पर्याय सुचेना म्हणून शीड गेलं. समुद्र तात्यांनी पाहिलाच नव्हता, तलाव भरलेला आम्ही कुणीच पाहिला नव्हता. आणि काठावरच्या माणसाच्या डोक्याला फेटा आला.

एवढ्या काळ्यासाठी रंग कुठून आणणार? तात्यांनी मला कामाला लावलं. रोज सकाळी मी गावभर फिरून कंदिलांच्या काचा पुसून काजळी गोळा करायची. आमच्या वस्तीत आतपर्यंत जायची. वरच्या गल्लीत बायका काच बाहेर आणून उंबऱ्यावर ठेवायच्या आणि मी पुसली की पुन्हा धुऊन घ्यायच्या. मला वाटायचं, या किती टापटिपीच्या. बाबांनी मुदखेडहून इंजिनाची काजळी डब्यातून आणली, एक शब्द न बोलता. तात्या ती जवसाच्या तेलात खलायचे. दुष्काळात तेल भिंतीला लावतो म्हणून आईनं दोन दिवस त्यांना वाढलं पण बोलली नाही. तो वास, जवसाचा आणि काजळीचा, उग्र आणि थोडा गोडसर, त्या वर्षी आमच्या अंथरुणालाही होता.

दिवसादिवसानं भिंतीवर ढग चढत गेला. भर दुपारी व्हरांड्यात पाऊल टाकलं की गारवा लागल्यासारखा व्हायचा. गुरं विकायला नेणारे लोक रस्त्यावरून जाताना थांबायचे आणि काही न बोलता पुढं जायचे. एका म्हातारीनं तर ढगाला हळदकुंकू लावलं. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देव उरला नव्हता, आणि तात्यांनी काढलेल्या भिंतीची पूजा! त्यांनी ओल्या फडक्यानं ते पुसलं, पण दिवसभर गालात हसत होते.

शेवटचा राहिला तो माणूस. तीनदा काढला, तीनदा पुसला. "ठोकळा होऊन राहिलाय," म्हणायचे. मग एका सुट्टीत शाळेचं फाटक लावून बसले आणि संध्याकाळी बाहेर आले तेव्हा तो बसलेला होता. पाठ थोडी वाकलेली, एक गुडघा वर, हात गुडघ्यावर टाकलेला, फेट्याचा शेमला वाऱ्यावर.

"आता अक्का काय म्हणते बघू," तात्या म्हणाले. हेडमास्तर काय म्हणतील, साहेब काय म्हणतील, हे त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

बाजाराच्या दिवशी आत्या आली तेव्हा नेमके तात्या पगारासाठी नायगावला गेले होते. मीच तिला शाळेत घेऊन गेले. ती हातातलं गाठोडं न ठेवता भिंतीसमोर उभी राहिली. बराच वेळ. तिच्या भुवयांवर खडीची पांढरी धूळ होती.

मग म्हणाली, "हा पाऊस जाऊन राहिलाय."

"म्हंजे?"

"शेमला बघ की. पाऊस येताना वारं आधी येतंय, तोंडावर. शेमला माघारी उडाय पायजे. ह्याचा ढगाकडं उडायलाय. वारं ढगाला ढकलून राहिलंय. चालला हा पाऊस तेलंगणात."

मी खूश झाले. इतकी नेमकी गोष्ट, आणि ती पहिल्यांदा मला कळलेली. मी निघणार तेवढ्यात आत्यानं दंड धरला.

"थांब. पुरं ऐक. माणूस खरा बसलाय. बा असाच बसायचा. अस्सा, एक गुडघा वर करून. हे सांग त्याला. मला आता कामावर परतायचंय, उद्या पहाटेच मुकादम हजेरी घेतोय. सांगशील ना?"

"सांगते की."

मी सांगितलं. आधी टँकरच्या रांगेत सांगितलं. शेमल्याचा भाग मी एकीचा पदर उडवून दाखवला आणि बायका घागरी धरून हसल्या. मग पिठाच्या गिरणीत सांगितलं, मग वर्गात. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी नेटकी होत गेली. "चालला पाऊस तेलंगणात" इथं हशा यायचा, आणि हशानंतर काही बोललं तर गोष्ट पडते, हे मला त्या वयातही समजत होतं. गुडघा गळाला. बा गळाला. तात्या नायगावहून आले तोवर माझ्या गोष्टीत माणूस उरलाच नव्हता.

त्यांनी पायावर पाणी घेतलं आणि विचारलं, "अक्का येऊन गेली?"

मी त्यांनाही गोष्ट तशीच सांगितली, आईचा पदर उडवून. दारात शेजारची दोघं-तिघं उभी होती, ती हसली. तात्याही हसले, थोडे.

"बरोबर हाय तिचं," म्हणाले. "अमेरिकेतल्या शिडावरून उचललं मी वारं. तिकडचं वारं तसं असंल." मग गमज्यानं तोंड पुसत, सहज विचारल्यासारखं, "आन् माणसाबद्दल? माणसाबद्दल काय म्हणाली?"

मला आठवत होतं, हे मी आज लिहिते. पण तेव्हा ते वाक्य माझ्या गोष्टीच्या बाहेर पडलं होतं, आणि लोक बघत होते.

"काही न्हाई," मी म्हटलं.

"काहीच न्हाई?"

"न्हाई."

तात्यांनी गमजा दोरीवर टाकला.

पुढचं गावानं केलं. आठ दिवसांत हसणं थांबलं. दुपारी ढग यायचे, गावावर उभे राहायचे, सावली पडायची, बायका वाळवणं उचलायच्या, आणि ढग न बोलता पूर्वेला निघून जायचे. भिंतीवर होतं तस्संच. कुणीतरी म्हणालं, ही भिंत काढल्यापासूनच हे चालू झालंय. वरच्या गल्लीतला एक शेतकरी शाळेत येऊन हेडमास्तरांना म्हणाला, "ह्यांनी देव हाकलले, आम्ही काही म्हणलो न्हाई. आता पाऊस बी हाकलायलेत." तात्या तिथंच खडू झाडत उभे होते. साहेबही आले नाहीत.

हेडमास्तर शिपायाला चुना मारायला सांगणार होते. तात्या म्हणाले, मीच मारतो. ब्रशची सवय माझ्या हाताला हाय. मी बादली धरली. चुन्याचा वास थंड असतो, ओल्या मातीसारखा, आणि डोळ्यांत झोंबतो. त्यांनी आधी ढग पुसला, मग पाणी, मग शेत. माणूस शेवटी. तिथं ब्रश थोडा वेळ थांबला.

"खरंच ठोकळा झाला का गं, बारके?"

मी बादली या हातातून त्या हातात घेतली. त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही.

त्या वर्षी पुढं पाऊस पडला की नाही, हे मला आठवत नाही म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण खरंच आठवत नाही.

काही वर्षांनी तात्या लातूरला एका शाळेत लागले. लातूर जिल्हा झाला तेव्हाचे त्यांचे दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहेत. प्रत्येक पाटीवर जि. उस्मानाबाद होतं, ते पुसून जि. लातूर करायचं होतं. दाळ मिलच्या पाट्या, दवाखान्याच्या, पतपेढ्यांच्या. शाळा सुटली की तात्या शिडी घेऊन निघायचे. पांढरा पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा, वर नवा जिल्हा लिहायचा. अक्षर इतकं सुरेख की लोक बोलावून न्यायचे. पुढं रिक्षांच्या मागं फुलं काढायचे, लहान लहान पाखरं काढायचे. आकाश कधी काढलं नाही. पाखरांच्या मागंही नुसता पिवळा.

तो अमेरिकन चित्रकारही पुढं फुलं आणि पाखरंच काढत राहिला, असं त्या पुस्तकात होतं. ती काळी खाडी म्हणे तो गेल्यावर पुष्कळ वर्षांनी जुन्या सामानाच्या दुकानात सापडली आणि तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या ते समीक्षक तोवर मेले होते. मी अजून आहे.

तात्या गेले. ते होते तोवर आत्या लातूरला यायची, त्यांना भाकरी करून घालायची, दोघं तासन्तास बसायची. भिंतीचा विषय कधी निघाला नाही. मी दोघांच्या मधे बसून इतर सगळ्या गोष्टी सांगायची. सांगेन सांगेन म्हणत तीसेक दिवाळ्या गेल्या.

फोन आल्यावर मी आत्याला घेऊन गेले. तिनंच हट्ट धरला. आता ती ऐंशीच्या पुढं आहे, एका डोळ्यानं काहीच नाही, दुसऱ्यानं उजेड तेवढा. एस.टी.त खिडकीशी बसून ती सारखी विचारत होती, कुठवर आलो, शेतं कशी हायत. मी म्हटलं, काळी हायत. नांगरून ठेवलेली. रिकामी.

शाळेत नांदेडहून आलेला पेंटर हातात खरवडायचा पत्रा घेऊन थांबला होता. भिंतीवर भला मोठा डाग आला होता, उन्हात घाम सुटल्यासारखा. खाली पोरांनी खडूनं रेघ मारून ठेवली होती, हिच्या पलीकडं जायचं नाही म्हणून. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "मॅडम, हे कुणी सुरू केलं कळत न्हाई, भिंत पाऊस हाकलते म्हणून. लई जुनं हाय म्हणतात."

"हो," मी म्हटलं. "जुनं आहे."

पेंटरनं खालच्या कोपऱ्यात पत्रा फिरवला. चुन्याचे थर पापुद्र्यासारखे सुटत गेले. पांढरा, निळसर, पुन्हा पांढरा. मग काळं. मग त्या काळ्यात एक वाकलेली पाठ.

"बारके," आत्यानं माझा दंड धरला, तसाच, "काय दिसतंय सांग."

"माणूस दिसायलाय, आत्या. पाठमोरा."

"गुडघा?"

"एक वर आहे."

ती हसली. दात नाहीत, पण हसणं तेच. "बा असाच बसायचा. मास्तरनं बा बघितला न्हवता, तरी बसवला बघ बराब्बर. तेव्हाच म्हणले होते मी. तू सांगितलंस ना त्याला?"

पेंटरचा पत्रा थांबला होता. मुख्याध्यापक बाई माझ्याकडं बघत होत्या. आयुष्यभर मी या जागी काहीतरी रंगवून सांगितलं असतं.

"न्हाई, आत्या."

"न्हाई?"

"अर्धंच सांगितलं. शेमल्याचं."

ती माझ्याकडं वळली. मग अगदी हळू म्हणाली, "त्यानं इचारलं न्हाई?"

"विचारलं होतं. दोनदा."

आत्यानं माझा दंड सोडला. हात पुढं करून चाचपडत भिंतीपाशी गेली आणि त्या पाठीवर तळवा ठेवला. तशीच उभी राहिली. मुख्याध्यापक बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, मग काय करायचं? काढायचं का सगळं?"

उत्तर आत्यानंच दिलं, भिंतीकडं तोंड करून. "बसलाय तर बसू द्या. त्याला कशाला उठवता."

आम्ही फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभ्या राहिलो. पूर्वेला, तेलंगणातल्या बोधनच्या बाजूनं एक ढग उभा होता, चांगला काळा. हातोड्यांचा आवाज नव्हता, पाखरांचाही नव्हता. आत्याचा तळवा काजळीनं भरला होता. गावातल्या प्रत्येक घराची काजळी. मी रुमाल पुढं केला, तिनं घेतला नाही. लुगड्याला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब, उघडा धरून ती उभी होती, आणि माझ्याशी बोलत नव्हती. वारा सुटला.

"बारके," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "माझा पदर कुणीकडं उडायलाय?"

मी बघितलं.

"ढगाकडं," मी म्हटलं, आणि पुढं काही जोडलं नाही.